अळवाआडचं पाणी

लवूतात्या विकले गेले, हे मला आधी टोपीवरून कळलं. हिरवी टोपी, पुढे पांढऱ्या दोऱ्याने पान काढलेलं आणि पानाखाली राज्य शासनाचं नाव. सकाळी साडेसातला ते आमच्या चाळीचा जिना उतरत होते. शहात्तर वर्षांचा माणूस नवी टोपी घातल्यावर मान जरा ताठ ठेवून चालतो, तसे चालले होते. मी नळावर होते. विचारलं, "तात्या, टोपी दिली की घातली?"

ते हसले नाहीत. एरवी हसले असते.

टोपी आली होती लालबागच्या बाजूच्या सरकारी बागेतून, तिथल्या स्वयंसेवकांना देतात ती. तिचं पूर्ण नाव 'निसर्ग शिक्षण व गिरणगाव इतिहास उद्यान'. बंद पडलेल्या मिलच्या आवाराचा एक तुकडा सरकारने घेतला, झाडांना पाट्या लावल्या, जुन्या बॉयलर हाउसात इतिहासाची खोली केली आणि मिलच्या तळ्याभोवती रेलिंग घातलं. पोरांना पक्षी, फुलपाखरं दाखवायची, गिरणी कशी होती ते सांगायचं, असा तो कारभार. आम्ही त्या मिलला लाल गेटची मिल म्हणायचो. गेट आता पिवळं आहे.

मी दहावी नापास. कायदा शिकले ते सरकारी उत्तरं वाचून. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा, आलेलं उत्तर चार वेळा वाचायचं आणि त्यात काय लिहिलेलं नाही ते शोधायचं. फेब्रुवारीत मला बागेचा नवा नकाशा मिळाला. त्यात तळं नव्हतं. तळ्याच्या जागी होतं 'माहिती केंद्र व वाहनतळ', आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत, 'विद्यमान कृत्रिम टाकी, वापरात नाही'. निसर्ग शिकवायच्या बागेत तळं बुजवून गाड्या लावणार. भिंतीला लागून चाळीस मजली टॉवर उभा आहे. गाड्या कोणाच्या असणार, हे कळायला मला अर्ज करावा लागत नाही.

मी बोंबाबोंब केली तेव्हा समिती नेमली गेली. समितीने मला तोंडावर सांगितलं की तळ्याला खालून, जमिनीतून पाणी येत असेल तर आम्ही हात लावणार नाही, पण नुसती टाकी असेल तर बुजवू. म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन थांबलं. हे पाणी येतं कुठून? आणि ते सांगू शकेल असा जिवंत माणूस एकच उरला होता. तो आता त्यांची टोपी घालून जिना उतरत होता.

लवू बाबी पालव, कुडाळकडचे. सतराव्या वर्षी मामाचं बोट धरून मुंबईत आले आणि लाल गेटच्या मिलमध्ये बदली म्हणून लागले. कायम कामगार आला नाही की त्याच्या जागेवर बदलीवाल्याने उभं राहायचं. दोन वर्षांनी बॉयलर खात्यात कायम झाले. बॉयलरला पाणी लागायचं ते तळ्यातून, त्यामुळे तळं त्या खात्याच्या गळ्यात. मे महिन्यात पाणी खाली गेलं की गाळ काढायला चार माणसं उतरायची. तात्या सगळ्यांत लहान, म्हणून सगळ्यांत खाली. तळाच्या कातळात एक फट होती. तिच्यात हात घातला की पाणी थंडगार लागायचं आणि बोटांना मागे ढकलायचं, असं ते सांगायचे. गॅलरीत बसून हे मी इतक्यांदा ऐकलंय की ती फट मीच बघितल्यासारखी वाटते. त्यांची बायको शांताकाकू वाइंडिंग खात्यात होती. ती म्हणायची, "ह्येंनी लगीन माज्याशी केल्यानी, पण संसार त्या तळ्यावांगडा."

तळ्याच्या काठावर पिंपळ आणि पिंपळाखाली एक दगड. तो राखणदार. कोकणात प्रत्येक जागेला एक असतो, जागा सांभाळणारा. आपल्या माणसांनी मुंबईत मिल बघितली आणि तिलाही एक राखणदार देऊन टाकला. दसऱ्याला खात्यातली यंत्रं पुजून झाली की तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. एकाने देवाला मोठ्या आवाजात सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी मध्ये मध्ये "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं कायम तात्यांचं. बॉयलर चालू असतानाही ऐकू जाईल असा आवाज.

मिल बंद पडली. बरोबरीचे काही गावाला गेले, काही गुत्त्यात गेले. तात्या त्याच आवारात वॉचमन म्हणून राहिले, वीसेक वर्षं. पोरबाळ नाही, शांताकाकू मध्येच गेली. रिकाम्या मिलचा वॉचमन काय राखतो, असं लोक विचारायचे, तर म्हणायचे मासे. मग बाग झाली, गेटवर सिक्युरिटी कंपनीचा गणवेशातला माणूस आला आणि तात्या घरी बसले. निदान मला तसं वाटत होतं.

टोपी दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बागेत गेले. ओळख सांगितली असती तर फुकट सोडलं असतं, पण मला चहा पाजून फिरवलेलं नको होतं. दहा रुपयांचं तिकीट काढलं, डोक्यावर ओढणी घेतली. आधी इतिहासाची खोली. काचेमागे एक माग, त्याला तेलाचा वास नाही. शेजारी कामगारांचे पुतळे, धुतलेल्या कपड्यांत, एकाच्याही केसांवर कापसाचा तंतू नाही. संपाबद्दल एक ओळ होती आणि त्या ओळीत संप हा शब्द नव्हता. मी पाटीचा फोटो घेतला. कधी ना कधी लागतो.

तळ्यावर सुट्टीतलं शिबिर चाललं होतं. पंचवीसेक मुलं पायऱ्यांवर बसलेली आणि त्यांच्यासमोर बागेची शिक्षण अधिकारी नूपुर. तिशीची असेल, सुती कुर्ता, बोलणं शुद्ध, अगदी रेडिओवरचं. तात्या खालच्या पायरीवर. त्यांनी काठी दगडावर तीनदा आपटली आणि पाणी हललं. मासे वर आले, एक कासवही आलं. मुलांनी श्वास धरला. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू. मे महिना सरत आला होता आणि तळं काठोकाठ होतं.

एका मुलीने विचारलं, हे पाणी कुठून येतं? तात्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. मासे बघ म्हणाले, पाण्याचं मग सांगतो. मग काही सांगितलं नाही.

मुलं फुलपाखरांकडे गेल्यावर तात्या उठले आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात गेले. तिथे अळू माजलंय, कमरेएवढं. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, वाकले, हात कोपरापर्यंत आत घातला आणि काहीतरी काढून काखेतल्या पिशवीत कोंबलं. नूपुरने ते बघितलं आणि तोंड फिरवलं. बघून न बघितल्यासारखं करणारी माणसं मी पंधरा वर्षं सरकारी कचेऱ्यांत बघत आलेय. मग ती त्यांना घेऊन बाकावर बसली, थर्मासमधला चहा दिला, मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला आणि तात्या बोलत राहिले. मला एक शब्द ऐकू आला नाही, पण ऐकायची गरजही वाटली नाही. पिशवीत पाकीट, मोबाइलमध्ये जबानी. टाकी होती म्हणून सांग आजोबा, आणि ही घे टोपी.

संध्याकाळी गॅलरीत गाठलं. ते सुपारी कातरत होते. मी म्हटलं, मंगळवारी समिती येतेय, झऱ्याचं सांगणार ना? ते कातरत राहिले. मी पुन्हा विचारलं. माझं पत्रक त्यांच्यासमोर धरलं. 'गिरणगावचा जिवंत झरा वाचवा', वर तळ्याचा फोटो, लालबागपासून नायगावपर्यंत वाटलेलं. हे तुमच्याच गोष्टीवरून लिहिलंय, म्हटलं.

"माका ह्येच्यात घालू नको गो," ते म्हणाले. "ता पाणी आसा तसा आसांदे."

माझा पारा चढायला वेळ लागत नाही. किती दिले त्यांनी, असं मी विचारलं. शेजारच्या दोन खोल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तात्या उठले, टोपी खिळ्याला अडकवली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. माझी खात्री पटली. खरा असता तर भांडला असता.

पण मीही काही कालची नाही. माझी आजी देवगडची. राखणदारासमोर गाऱ्हाणं घातलं की त्या जागेवरून पाय निघेपर्यंत खोटं बोलायचं नाही, हे तिने मला भाकरीबरोबर भरवलंय. माझा देवावर किती विश्वास ते सोडा, तात्यांचा आहे एवढं मला पुरे होतं. समितीसमोर तात्यांना गाऱ्हाणं घालायला लावायचं. मग बघू टोपी काय करते ते.

मंगळवारी अकराला समितीचे तिघे आले. बोलणारे एकच, अभियंता केळसकर. हातात नकाशाची गुंडाळी, घड्याळाकडे सारखं लक्ष. मी चाळीतली तीसेक माणसं आणली होती, बहुतेक म्हातारी, आणि केबलवाल्याचा एक कॅमेरा. नूपुर एका बाजूला वही छातीशी धरून उभी. तात्या टोपी घालून तिच्या शेजारी. मी पुढे झाले, नारळ त्यांच्या हातात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की आमच्या पद्धतीने आधी राखणदाराला सांगणं होईल, मग साहेबांचे प्रश्न. म्हातारी माणसं लगेच पिंपळाखाली बसलीसुद्धा. कॅमेरा वळला.

तात्या नारळ हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. "सुचित्रा," ते म्हणाले, "तुका नक्की व्हया ह्या?"

मी म्हटलं, हो, नक्की.

त्यांनी टोपी काढून बाकावर ठेवली. दगडासमोर उभे राहिले आणि मिल बंद पडल्यापासून न काढलेला आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, मिलची पयली वीट बसली तेच्या आदीपासून तू हयसर आसस."

"व्हय म्हाराजा," तीस तोंडं म्हणाली.

"आज तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली हत. कोण खऱ्यान इलो आसात, कोण खोट्यान इलो आसात, ता तुका ठावक."

"व्हय म्हाराजा."

"जा काय खरा आसा ता आज माज्या तोंडातसून भायर काड. आणि तेच्यातसून ह्या तळ्याचा बरा होऊंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." ह्या खेपेला त्यात केळसकरांचाही आवाज होता. त्यांनाच नवल वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच खोकून घेतलं. केळसकर म्हणजे आमच्याकडचेच, साहेब झाले म्हणून काय झालं. मी मनात म्हटलं, आता बोला तात्या.

केळसकरांनी प्रश्न विचारला, जरा हळू आवाजात. आजोबा, हे पाणी कुठून येतं?

"झरो होतो साहेब," तात्या म्हणाले. "ह्या हातान चाचपलेलो. पण बाजूचो टॉवर बांधूक काडलो, तीन मजल्यांचो खड्डो खणलो, आणि दुसऱ्या मे म्हयन्यात झरो आटलो. मासे उलटे पडले. आता जा दिसता, ता पाणी मिया आणलंय. चोरून."

ते अळवाकडे निघाले, आम्ही मागोमाग. त्यांनी पानं बाजूला केली. भिंतीच्या बुडात भोक, भोकात जुन्या सिमेंटच्या पाइपाचा तुकडा, त्याच्या तोंडाला तारेची जाळी आणि जाळीतून पाणी पडतंय, बारीक पण सतत. तात्यांनी सगळं सांगितलं. टॉवरच्या तळघरात खालून पाणी भरतं, ते काढायला पंप चोवीस तास चालतो आणि पाणी भिंतीमागच्या पालिकेच्या गटारात सोडतात. मासे मेले त्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, सगळं आवार झोपलेलं असताना तात्यांनी पहारीने गटाराची भिंत फोडली आणि पाणी आत घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी जाळी साफ करायची, नाहीतर वेफर्सची पाकिटं अडकून पाणी थांबतं. काखेतली पिशवी त्यांनी उघडून दाखवली. आत वेफर्सची पाकिटं होती. ओली.

मी किती दिले म्हणून विचारलं होतं.

केळसकरांनी नकाशाची गुंडाळी काखेत घेतली, पेन काढलं आणि म्हणाले, "म्हणजे कृत्रिमच." वाईट बोलले नाहीत, सुटल्यासारखे बोलले. कॅमेरावाला माझ्याकडे बघत होता. त्याच्या खिशातून माझं पत्रक डोकावत होतं, 'जिवंत झरा'.

नूपुर पुढे आली आणि वही उघडली. पाच महिने रोज सकाळी मोजलेली पाण्याची पातळी. फेब्रुवारीत टॉवरचा पंप दोन दिवस बंद होता, त्या दोन दिवसांत तळं वीतभर उतरलं होतं. तेव्हाच कळलं, म्हणाली. मोबाइलवर ती तात्यांच्या मिलच्या आठवणी भरून घेत होती, जबानी नव्हे, हेही मला तिथेच कळलं. मग बोलली का नाही, मी विचारलं. ती म्हणाली, "लिहून दिलं असतं तर त्याच दिवशी भोक बुजवलं असतं, ताई. मग आजोबांना काय सांगितलं असतं?" खरं असेल. नोकरीचीही काळजी असेल. मी ते तिच्या तोंडावर म्हटलं नाही, हाच माझा त्या दिवशीचा मोठेपणा.

आणि मग वहीतल्या त्या आकड्यांकडे बघता बघता माझं डोकं ठिकाणावर आलं. पंप बंद झाला की तळं उतरतं. मग पंपात पाणी येतं कुठून?

"साहेब," मी केळसकरांना म्हटलं, "टॉवरच्या तळघरात पाणी कुठलं? नळाचं?"

"नाही, नळाचं कसं असेल. जमिनीतलं आहे. भूजल."

"भिंतीच्या त्या बाजूला भूजल आणि ह्या बाजूला पडलं की कृत्रिम? ह्याच कातळातला झरा टॉवरच्या खड्ड्यात गेला, तो म्हातारा परत घेऊन आला. लिहा ना कृत्रिम. तळघराच्या पाण्याचा दाखलाही मी मागते आणि तुमच्या कागदाची प्रतही. दोन्ही शेजारी शेजारी लावू."

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी पिंपळाकडे एकदा बघितलं, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. मग लिहिलं आणि मी खांद्यावरून वाचलं. 'स्रोत भूजल. मार्ग बदललेला.' तळं बुजवू नये, अशी शिफारस त्याखाली. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, मार्ग कोणी बदलला? सरकारी गटार फोडलंय, नाव लागेल.

मी लगेच म्हटलं, जुनी गोष्ट आहे, माहीत नाही, अज्ञात लिहा. तीस माणसं गप्प बसली. आमची माणसं अशा वेळी बरोबर गप्प बसतात.

"लिवा," तात्या म्हणाले. "लवू बाबी पालव."

मी त्यांची बाही ओढली. त्यांनी ती हळूच सोडवून घेतली. "गाऱ्हाणा घातलंय गो," म्हणाले. "तुकाच व्हया होता."

तळं राहिलं. वाहनतळ गेटकडे सरकला, असं नव्या नकाशात दिसतं, आणि नव्या नकाशावर माझा जुन्याइतकाच विश्वास आहे. जाड नवा पाइप रीतसर बसवला गेला. तात्यांना पत्र आलं. शासकीय मालमत्तेचं नुकसान केल्याच्या कारणाने स्वयंसेवक पास पुढील आदेशापर्यंत रद्द. वय बघून गुन्हा नोंदवत नाही, असं त्यात उपकार केल्यासारखं लिहिलं होतं. मी त्या पत्राला चार पानी उत्तर लिहिलं, तात्यांनी सही केली नाही. टोपी धुतली, वाळवली, घडी घातली आणि स्वतः जाऊन नूपुरच्या टेबलावर ठेवून आले. ती खुर्चीतून उठून उभी राहिली होती, एवढंच मला त्यांनी सांगितलं.

मी माफी मागायला गेले तेव्हा त्यांनी सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं आणि विषय संपवला. आमच्या चाळीत माफी अशीच होते. पूर्ण झाली की नाही, ते कळत नाही.

आता ते रोज सकाळी बागेच्या खिडकीवर रांगेत उभे राहतात. ज्येष्ठ नागरिक, तिकीट पाच रुपये. मी पैसे देऊ केले तर माझ्याकडे असे बघतात की मी पुन्हा विचारत नाही. पायरीवर बसून काठी आपटतात, मासे येतात. नूपुर मुलांना घेऊन आली की मुलं आपोआप त्यांच्याभोवती बसतात, आणि त्याला पास लागतो असं अजून कोणी म्हटलेलं नाही. पण अळवाच्या कोपऱ्यात दोरी बांधलीय. तात्या दोरीपर्यंत गेले तरी कंपनीचा वॉचमन शिट्टी मारतो. मला मारत नाही. मला शिट्टी मारली तर दुसऱ्या दिवशी अर्ज येतो, हे त्याला शिकवलेलं दिसतं.

म्हणून दर सोमवारी मी जाते. नव्या पाइपाची जाळी साफ ठेवायचा ठेका दिलाय म्हणे कोणाला तरी. मी त्या ठेकेदाराला आजवर बघितलेलं नाही. दोरी ओलांडते, अळू बाजूला करते, पाकिटं काढते. तात्या दोरीच्या पलीकडे काठीवर दोन्ही हात ठेवून उभे असतात.

"थंड आसा?" ते विचारतात.

मी पाइपाखाली हात धरते. थंड असतं, बोटांना जरा ढकलतंही. हो म्हणून सांगते. मग उठायच्या आधी पुन्हा एकदा हात धरून बघते.